जुनी गाडी डिझेल जास्त खात असेल तर: आधी चाके, मग इंजिन

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी आणि निपाणीच्या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षे वापरात असलेल्या बोलेरो, सुमो, ट्रॅक्स आणि पिकअप आजही घरोघरी दिसतात, आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते: गाडी पूर्वीसारखे ॲव्हरेज देत नाही. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेले की पहिला संशय बहुधा नोझलवर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) आणि त्याला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर घेतला जातो. ते काम खर्चाचे असते आणि माझ्या अनुभवात अनेकदा अनावश्यकही असते, कारण जुन्या गाडीचा दोष इंजिनाच्या पोटात शिरण्याआधी चाकांत, ब्रेकमध्ये आणि रेडिएटरच्या व्यवस्थेत शोधायला हवा. तिथे शोधायला पैसे जवळजवळ लागत नाहीत, म्हणून तपासणीचा क्रम तसाच ठेवावा.

सर्वांत आधी मोजमाप नीट करावे. ‘हजाराचे डिझेल टाकले आणि अमुक गावापर्यंत गेलो’ हे मोजमाप नव्हे, आणि जुन्या गाडीच्या टाकीचा काटा तर मुळीच विश्वासाचा नसतो. टाकी फुल करावी, पेट्रोल पंपावरचे भरण्याचे नोझल आपोआप पहिल्यांदा बंद झाले की थांबावे, किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा, निदान तीनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच पंपावर, त्याच मशीनवर, तशाच रीतीने टाकी फुल करावी. चाललेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनी भागले की खरे ॲव्हरेज मिळते. सीमाभागात दोन राज्यांचे कर वेगळे असल्यामुळे आपण जिथे डिझेल स्वस्त तिथे भरतो, एकदा कोगनोळीच्या राज्यसीमेच्या अलीकडे तर एकदा पलीकडे. एरवी त्यात काही गैर नाही. परंतु मोजमापाच्या दोन-तीन टाक्यांपुरता तरी पंप बदलू नये. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासून दाखवण्याची मागणी ग्राहकाला करता येते, आणि ती संकोच न बाळगता करावी.

मोजमापात रस्त्याचाही विचार करावा लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्याला उतरणारी गाडी जाताना जे ॲव्हरेज देते ते पाहून आनंदी होऊ नये आणि येतानाच्या आकड्याने घाबरूनही जाऊ नये. माणसे धरून दोन टनांची गाडी समुद्रकाठापासून बेळगावपर्यंत नुसती वर उचलायला, सपाट रस्त्यावर लागणाऱ्या डिझेलशिवाय, साधारण सव्वा लिटर डिझेल जास्तीचे जळते. त्यामुळे जाण्या-येण्याची पूर्ण फेरी धरूनच हिशेब करावा.

आणखी एक फसवी जागा टायरची आहे. बोलेरोला मुळात २१५/७५ आर १५ मापाचे टायर येतात. हौसेने किंवा खडीच्या रस्त्यासाठी कोणी २३५/७५ आर १५ बसवले, तर चाकाचा व्यास सुमारे चार टक्क्यांनी वाढतो आणि मीटर तेवढेच किलोमीटर कमी दाखवते. अशा गाडीने खरोखर १२ चे ॲव्हरेज दिले तरी कागदावर ते साडेअकरा दिसेल. राष्ट्रीय महामार्गावर किलोमीटरच्या दगडांशी वीस किलोमीटर मीटर जुळवून पाहिले की हा फरक कळतो.

आता चाकांकडे वळू. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेत किंवा दरवाजाच्या चौकटीवर दिलेल्या आकड्याशी जुळवावी. पंक्चरवाल्याला नुसते ‘हवा बघा’ असे सांगून भागत नाही, आकडा सांगावा लागतो. चारही टायरमध्ये पाच-सहा पौंड हवा कमी असली तर साधारण एक टक्का इंधन जादा जाते. हा तोटा डोळ्यांत भरण्याजोगा नसला तरी तो रोजचा असतो, आणि टायर कडांनी झिजतात ते वेगळेच. मोठे नुकसान मात्र अडकलेल्या ब्रेकमुळे होते, आणि त्याबद्दल मला स्वतःच्या अनुभवाने सविस्तर लिहावेसे वाटते.

माझ्याकडे २००८ सालची बोलेरो आहे. एका पावसाळ्यानंतर तिचे ॲव्हरेज १२ वरून साडेनऊवर आले. गॅरेजमध्ये चारही नोझल काढून दुरुस्त करून घेतले, पंप उघडण्याचा सल्लाही मिळाला, पण एवढे करून आकडा जेमतेम दहापर्यंत गेला. पुढे एकदा जांबोटीहून परत येऊन गाडी अंगणात लावली, तेव्हा मागच्या डाव्या चाकापाशी ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला. उजव्या चाकाचा ड्रम नुसता कोमट होता; डाव्या ड्रमवर पाण्याचे चार थेंब शिंपडले तर ते चर्र करून उडून गेले. दुसऱ्या दिवशी ड्रम काढला. लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबर एका बाजूला फाटले होते, त्यातून शिरलेल्या लाल मातीचा आणि ब्रेक ऑइलचा मिळून तपकिरी चिखल झाला होता, आणि गंजलेला पिस्टन बाहेर आलेल्या जागीच घट्ट बसला होता. एका बाजूचे लायनर घासून काचेसारखे गुळगुळीत काळे पडले होते, तर दुसऱ्या बाजूच्या लायनरवरची खरखर अजून शिल्लक होती. हँडब्रेकची केबलही कवचात गंजून जड झाली होती. सिलिंडर, लायनर आणि केबल बदलल्यावर पुढच्या दोन टाक्यांचे ॲव्हरेज पावणेबारा आले, आणि हा सगळा खर्च नोझलच्या बिलापुढे किरकोळ होता.

ही तपासणी कोणालाही करता येते. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक वापरत गाडी चालवावी, शेवटी ब्रेकचा आधार न घेता हळूहळू थांबू द्यावी आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. पहिल्यांदा हात टेकवू नये, जवळ नेऊन धग पाहावी. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर दोष तिथे आहे. मग इतर चाकांना दगड किंवा लाकडी पाचर लावून, हँडब्रेक सोडून, गिअर न्यूट्रल ठेवून ते चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवावे. मागच्या चाकासोबत डिफरन्शियल आणि शाफ्टही फिरतो, त्यामुळे ते पुढच्यापेक्षा थोडे जड लागणारच. डाव्या-उजव्याची तुलना महत्त्वाची. चाक अडत असेल तर ब्रेकचा ब्लीडर, म्हणजे ब्रेक ऑइल सोडण्याचा स्क्रू, किंचित सैल करावा. थोडे ऑइल बाहेर येऊन चाक लगेच मोकळे झाले, तर दाब आत अडकून राहत आहे, म्हणजे ब्रेकचा रबरी होज आतून फुगला आहे किंवा मास्टर सिलिंडर ऑइल परत घेत नाही. ब्लीडर सोडूनही चाक अडलेलेच राहिले, तर व्हील सिलिंडर, पुढच्या कॅलिपरच्या पिना किंवा हँडब्रेकची केबल पाहावी. कणकुंबी आणि खानापूरच्या बाजूला पाऊस फार असतो, आणि तिथे हँडब्रेक ओढून दिवसचे दिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. म्हणून पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी करायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

चाके मोकळी असतील तर टायरवरून तळहात आडवा फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि परत येताना कडा बोचत असतील, तर अलाइनमेंट बिघडलेले आहे आणि टायर रस्त्यावर सरळ न चालता घासत चालले आहेत. फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीत पुढचे हब लॉक राहिले नाहीत ना, हेही पाहावे. क्लच घसरत असेल तर चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. असा क्लच डिझेल तर खातोच, पण घाटात कधीतरी साथही सोडतो.

यानंतर इंजिनाच्या तापमानाकडे पाहावे, कारण इथे एक चुकीची पद्धत फार रूढ झालेली आहे. गाडी घाटात तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून टाकला जातो आणि ‘आता गाडी कधीच तापणार नाही’ असे मालकाला सांगितले जाते. ते अर्धेच खरे असते. थर्मोस्टॅटचे काम इंजिन लवकर गरम करून त्याच तापमानावर टिकवण्याचे आहे. तो नसला की रेडिएटरचे पाणी पहिल्या मिनिटापासून फिरत राहते, इंजिन थंडच चालते, ऑइल जाड राहते, डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडरची झीजही वाढते. बेळगावच्या डिसेंबरातल्या पहाटे बाजाराला निघणाऱ्या गाडीला याचा फटका सर्वांत जास्त बसतो. दहा-बारा किलोमीटर चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच राहत असेल, तर व्हॉल्व काढलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे असे समजावे आणि नवा बसवून घ्यावा. गाडी तापण्याचे मूळ कारण चोंदलेल्या रेडिएटरमध्ये असेल तर उपाय रेडिएटरवर करावा. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये. काही गाड्यांत फॅनला सिलिकॉन तेलाचा कपलिंग असतो. तो जाम झाला की फॅन कायम पूर्ण जोराने फिरतो, हायवेवर घोंघावल्यासारखा आवाज येतो आणि इंजिनाची ताकद विनाकारण खर्ची पडते.

हवेच्या फिल्टरबद्दल एक फरक लक्षात ठेवावा. नव्या धाटणीच्या, संगणकाने नियंत्रित इंजिनात घाण फिल्टरमुळे पिकअप कमी होतो, परंतु इंधनाचा खर्च फारसा वाढत नाही, कारण हवा कमी आली की इंधनही कमी सोडले जाते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला हवा कमी आल्याचे कळत नाही. ते डिझेल सोडतच राहते आणि न जळलेले डिझेल काळा धूर होऊन जाते. उसाच्या तोडणीच्या हंगामात शेतरस्त्यांवरून चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरची वाट न पाहता बदलावा. हवेने झाडायचाच असेल तर बेताच्या दाबाने आणि आतून बाहेर झाडावा. बाहेरून मारलेली हवा धूळ कागदात आणखी खोल बसवते.

फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर येत असेल, तर टर्बो असलेल्या गाडीत इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) रबरी होज पाहावेत. होज चिरला की जोर दिल्यावर फुसफुस किंवा शिट्टीसारखा आवाज येतो आणि चिरेभोवती तेलकट ओल दिसते. ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला तरी असाच धूर येतो. निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचा आणि गरम इंजिनाचा पांढरा धूर डिझेल अर्धवट जळत असल्याचा किंवा पाणी आत जात असल्याचा असतो. पाणी कमी होत असेल तर ॲव्हरेजचा विचार बाजूला ठेवून हेड गॅस्केट आधी पाहावे.

डिझेल फिल्टरमधले पाणी पावसाळ्यात वारंवार काढावे. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी गळती असल्यास डाग दिसतो. जुन्या गाडीत नोझलमधले जादा डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या रिटर्न पाइपचे छोटे रबरी तुकडे कडक होऊन झिरपतात आणि ते किरकोळ किमतीत बदलता येतात. वापरण्याच्या पद्धतीचाही हिशेब याच वेळी करून टाकावा: टपावरचा रिकामा कॅरिअर काढावा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर किंवा टिळकवाडीच्या रेल्वे फाटकावर इंजिन बंद करावे, आणि हायवेवर ऐंशीच्या आसपास राहावे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ८० ऐवजी १०० च्या वेगाने जाणाऱ्या चौकोनी गाडीला दीडपटीहून जास्त अवरोध सोसावा लागतो.

एवढे सगळे निर्दोष ठरल्यावरच नोझलकडे यावे. मेकॅनिकल नोझल बेंचवर लावून कोणत्या दाबाला उघडते, फवारा बारीक पडतो की धार पडते आणि बंद झाल्यावर टोकाला थेंब लोंबतो का, हे स्वतः उभे राहून पाहावे. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, संगणकाने नियंत्रित) प्रत्येक नोझलच्या रिटर्नला बाटली लावून परत येणारे डिझेल मोजतात. एक बाटली इतरांपेक्षा लवकर भरली तर दोष त्या नोझलमध्ये आहे. कॉमन रेलचे पाइप चालू इंजिनावर कधीही सैल करू नयेत, कारण आतला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि ती धार कातडीतून थेट आत शिरते. पंप उघडण्याआधी त्याचे टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) आणि इंजिनाच्या व्हॉल्वच्या टॅपेटचे अंतर तपासून घ्यावे.

प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा एक टाकी मोजावी आणि तोपर्यंत दुसरे काम काढू नये, नाहीतर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. शेवटी उरते ती कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाची तपासणी. त्यात सिलिंडर झिजून दाब उतरलेला आढळला, तर इंजिनाच्या कामाचा निर्णय वहीतल्या आकड्यांवर घ्यावा. महिन्याला १५०० किलोमीटर चालणारी गाडी १२ ऐवजी साडेनऊ देत असेल तर ३३ लिटर डिझेल जादा जाते. महिन्याला ३०० किलोमीटरच चालणाऱ्या गाडीला हीच तूट सात लिटरही भरत नाही, आणि तिचे इंजिन धूर व ऑइलचा खर्च आटोक्यात असेपर्यंत तसेच चालवणे मला योग्य वाटते.