सोलापुरात जुन्या फर्निचरचं पॉलिश शिकू पाहणाऱ्यांसाठी

जुनी खुर्ची घरी आणली की नवशिका माणूस लगेच पॉलिश पेपर घेऊन घासायला बसतो. माझं सांगणं आहे, आधी कापसाचा बोळा आणि स्पिरिट घ्या. ज्या पॉलिशवाल्या चाचांच्या हाताखाली मी शिकले, ते वस्तू बघितल्याबरोबर भाव कधीच सांगायचे नाहीत. खुर्ची उलटी करायचे, मागच्या पायाला आतल्या बाजूने स्पिरिटचा बोळा धरायचे आणि म्हणायचे, "थांब पोरी, आधी हिला बोलू दे."

बोळा तपकिरी आणि चिकट झाला तर जुनं पॉलिश चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं. स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने मऊ पडलं, तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर व्हार्निश, ऑइलपेंट किंवा पीयू (पॉलियुरेथेन). कमी पैशांत काम करायचं असेल तर सगळं गणित इथेच ठरतं, कारण चपड्याचं पॉलिश खरवडून काढावंच लागत नाही. नवा चपडा जुन्यात विरघळून एकजीव होतो. साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने मळ पुसायचा, नीट वाळू द्यायचं, 320 नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवायचा आणि वर चपड्याचे नवे हात, म्हणजे थर, द्यायचे. घासाईचे दिवस वाचतात, पेपर वाचतो, आणि लाकडाचा जुना मुरलेला रंगही राहतो. तो रंग एकदा घासून घालवला की कुठल्याच डब्यातून परत मिळत नाही.

माल शोधायला एप्रिल ते जून हे महिने चांगले. सोलापुरात रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे, बँका आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत. परीक्षा संपल्या की बदलीची घरं हलतात. टेम्पोचं भाडं परवडत नाही म्हणून चांगली टेबलं आणि कपाटं कमी भावात सुटतात. जुन्या पेठांत वाडा पाडायला काढला की भंगारवाल्याला आधी कळतं, म्हणून एखाद्या भंगारवाल्याशी ओळख ठेवा.

घेताना फळीची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसल्या तर लाकूड भरीव. थरावर थर दिसले किंवा कडेला पट्टी चिकटवलेली असली तर प्लाय. प्लायवरचं सागाचं विनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, कागदासारखं पातळ असतं, त्यावर 80 नंबरचा खरखरीत पेपर चालवू नका, 220 च्या खाली जाऊच नका. खरं सागवान तळाशी नखाएवढं घासलं तरी बोटाला तेलकट लागतं आणि चामड्यासारखा वास येतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी ताजी पूड दिसली तर कीड अजून आत आहे. ती वस्तू फुकट मिळाली तरी नवशिक्याने सोडून द्यावी. डगमगणारी खुर्ची मात्र खुशाल घ्या. सांधा उकलायचा, जुना सरस खरवडून लाकूड कोरं करायचं, फेव्हिकॉल लावायचं, चारही पायांभोवती दोरी बांधून तिच्यात काठी घालून पीळ द्यायचा आणि रात्रभर तशीच ठेवायची. क्लॅम्प विकत घ्यायची गरज नाही.

एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. हिरवा, निळा जुना ऑइलपेंट असलेली कपाटं कोरडी घासायची नाहीत. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. रंग काढायचं औषध लावून खरवडा किंवा वॉटर पेपरने ओलं घासा. मुलांना दूर ठेवा आणि निघालेला लगदा कागदात गुंडाळून टाका.

चपडा घरी भिजवलेलाच वापरा. पाव लिटर स्पिरिटला साधारण 40 ग्रॅम, काचेच्या बरणीत, रात्रभर. लोखंडी डब्यात तो काळपटतो. सकाळी तलम कापडातून गाळा. स्पिरिट विषारी असतं आणि झटकन पेट घेतं, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नका. सागवानाची छिद्रं उघडी असतात. लाकूड कोरं केलेलं असेल तर चॉक पावडर, पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू पातळ चपड्यात कालवून आधी त्या छिद्रांत भरणा करा.

बोळ्याच्या आत कापूस, बाहेर धुऊन धुऊन विरलेलं धोतर. आपल्या गावात टॉवेल मुबलक, पण टॉवेलचा बोळा करू नका, त्याचे तंतू पॉलिशमध्ये अडकतात. बोळा तळहातावर दाबला तर ओल जाणवावी, थेंब पडू नये. तो लाकडावर चालतच उतरवायचा आणि चालतच उचलायचा. मध्ये थांबलात की तिथे डाग. एक हात वाळला की दुसरा, रेषांच्या दिशेने. सात-आठ पातळ हात दोन जाड हातांपेक्षा नेहमीच सरस दिसतात.

हवेकडेही लक्ष द्या. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर गेला की स्पिरिट बोळ्यातच उडतं आणि पट्टे दिसतात, म्हणून उन्हाळ्यात पहाटे काम करा. सप्टेंबरच्या पावसात दमट हवेने चपड्यावर पांढरी झाक येते. त्या दिवसांत सांधे आणि घासाई उरका. पूर्वभागात शेजारी यंत्रमाग असेल तर माग बंद असताना पॉलिश करा, नाहीतर सुताची लव ओल्या पॉलिशवर बसते.

जेवणाच्या टेबलाला चपडा नको, गरम भांड्याने पांढरं वर्तुळ उठतं. तिथे पीयू लावा, थोडा खर्च होऊ द्या. जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर एकेक मोकळी वाळत घाला. वेत फाटलेल्या खुर्चीला वेताच्या कारागिराची मजुरी परवडत नसेल तर बाजेची सुती नवार आडवी-उभी विणा. मला तर ती बैठक वेतापेक्षाही आवडते.

गिऱ्हाइकाचं काम घ्यायला लागलात की सामान आणि मजुरी वेगळी लिहून द्या, निदान सामानापुरते पैसे आगाऊ घ्या. कामाआधीचे फोटो काढून ठेवा, स्पिरिटच्या परीक्षेत काय निघालं तेही त्याच कागदावर लिहा. आणि वस्तू देताना बजावून सांगा की पंधरा दिवस वर प्लास्टिकचं कापड घालू नका, कोवळ्या पॉलिशला ते चिकटतं.