पेज कॅशे लावा, पण तपासताना लॉगआउट व्हा

वर्डप्रेस किंवा ड्रुपल या साइट चालवणाऱ्या प्रणालींवरची साइट रखडत उघडत असेल, तर महागडा सर्व्हर घेण्याआधी पेज कॅशे, म्हणजे एकदा बनलेलं पान साठवून पुढच्यांना तेच देण्याची सोय, सुरू करा. एरवी दर भेटीला पीएचपी (साइटचा सर्व्हरवरचा कोड) चालतं, डेटाबेसला क्वेरी जातात आणि तेच पान पुन्हा नव्याने बनतं. कॅशेमधून तयार एचटीएमएल थेट मिळतं. ड्रुपलमध्ये ही सोय मुळातच आहे, वर्डप्रेसला बहुधा प्लगइन (वेगळं जोडायचं सॉफ्टवेअर) लागतं. ते एकच ठेवा; दोन असली की हमखास गोंधळ होतो.

कार्ट, चेकआउट आणि ‘माझे खाते’ ही पानं मात्र आठवणीने वगळा. एकाची माहिती दुसऱ्याला दिसणं हे संथ साइटपेक्षा कितीतरी वाईट. फॉर्म असतील तर कॅशेची मुदत 10 तासांच्या आत ठेवलेली बरी, कारण वर्डप्रेसचा नॉन्स (फॉर्ममधला सुरक्षेचा तात्पुरता कोड) 12 ते 24 तासांत बाद होतो आणि मग फॉर्म सबमिटच होत नाही.

लॉगिन केलेल्यांना सहसा कॅशे मिळत नाही, म्हणून तपासणी लॉगआउट होऊन किंवा इनकॉग्निटो विंडोत करा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स हेडर (पानासोबत सर्व्हरने पाठवलेली माहिती) बघा: ड्रुपलमध्ये ‘एक्स-ड्रुपल-कॅशे’समोर आधी ‘मिस’ (पान नव्याने बनलं) दिसेल, रीलोड केल्यावर ‘हिट’ (कॅशेमधून आलं).