तबकडी संगणकात उतरवताय? या चुका टाळा

रेकॉर्ड डिजिटल करायची म्हटली की लोक पहिला प्रश्न विचारतात तो सॉफ्टवेअरचा. सुई शेवटची कधी बदलली होती, असं मी उलट विचारलं की पलीकडे सामसूम. चाळीस मिनिटांची रेकॉर्ड उतरवायला चाळीस मिनिटंच लागतात. हे ज्याला जाचतं त्याने या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांसाठी, बघून बघून कंटाळा आलेल्या या काही चुका.

फोनो की लाइन?

"आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतोय. रेकॉर्ड झिजली असेल का?" बहुतेक वेळा रेकॉर्ड ठणठणीत असते, प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल मोठा करणारं यंत्र) लावायचा राहिलेला असतो. रेकॉर्ड कोरताना खर्जाचा आवाज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर फार थोडं मावेल. तारसप्तकाकडचा आवाज उलट वाढवून ठेवतात. वाजवताना तो खाली आणला की त्याच्याबरोबर खरखरही खाली येते. 1954 च्या सुमारास प्रमाण ठरलेल्या या हिशेबाला 'आरआयएए' म्हणतात. फोनो प्रीअँप तोच हिशेब उलटा करतो: 20 हर्ट्झपाशी जवळपास 20 डेसिबल वाढवतो आणि 20,000 हर्ट्झपाशी जवळपास तेवढेच कमी करतो. शिवाय कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, येणारा जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा सिग्नल शंभरेक पट मोठा करतो.

प्रीअँप नसला तर आवाज किरटा आणि दबका येतो. दोनदा लागला तर घुमणारा, फाटका. हे दुसरं प्रकरण हल्ली जास्त दिसतं, कारण बऱ्याच टर्नटेबलांच्या पोटातच प्रीअँप असतो आणि मागे एक छोटं बटण असतं ('लाइन'वर आतला प्रीअँप चालू, 'फोनो'वर बंद), ते कुणी बघत नाही. माझ्या एका मित्राने तीन संध्याकाळी खपून इक्वलायझरवर 'खर्ज कमी, अजून कमी' असं करत एक रेकॉर्ड कशीबशी ऐकण्याजोगी केली. मी गेलो, बटण 'फोनो'वर सरकवलं आणि चहा मागितला. तो अजून माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ते भोक बहुधा मोनो असतं आणि बोलण्यासाठी केलेलं असतं. लाइन-इन (प्रीअँपमधून आलेला सिग्नल घेणारं भोक) असलेला साधा यूएसबी इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात पोचवणारी डबी, घ्या. आवाज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या संगणकातल्या सगळ्या 'सुधारणा' बंद करा.

मशागत आधी, मोजणी मग

धूळ सॉफ्टवेअरने निघते, या समजुतीवर कितीतरी आळस पोसला गेलाय. खाचेतली धूळ ब्रशने निघते, चिकट मळ डिस्टिल्ड वॉटर आणि थेंबभर सौम्य साबणाने. पूर्ण वाळल्याशिवाय सुई टेकवू नका. आणि 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, मग उतरवायला काही शिल्लक राहत नाही. तिला सुईही वेगळी लागते. एलपीच्या सुईचं टोक साधारण 0.7 मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), 78 ला साधारण 3 मिलचं हवं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळत जाते आणि तिथला कचरा तेवढा ऐकवते.

सतत 'घूंऽऽ' येतोय? अर्थिंगची वायर जोडा.

रेकॉर्डिंग चालू असताना स्पीकर बंद, हेडफोन चालू. स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोचते आणि थेट फाइलमध्ये जाते.

रेकॉर्डिंगची पातळी शून्याला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकवायचा हट्ट कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. मी 24 बिटमध्ये घेतो आणि सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवतो. एखादी टिकटिक वर गेली तर जाऊ दे, ती काढायचीच असते. गाण्याचा आवाज कापला गेला तर मात्र तो परत येत नाही.

खरखर काढण्याची हौस

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर. मामाने विश्वासाने चोवीस रेकॉर्डी आणून दिल्या. मी नवशिका, हाती नवं खेळणं. सुरुवातीच्या रिकाम्या खाचेतून खरखरीचा नमुना घ्यायचा, बटण दाबायचं, पार्श्वभूमी चिडीचूप. मी इतका खूश झालो की मूळ फाइली 'जागा खातात' म्हणून पुसून टाकल्या आणि रेकॉर्डी परत दिल्या. आठवड्याने मामाचा फोन: "अरे, ही बाई श्वासच घेत नाही का?"

ऐकलं तर खरंच. खरखरीसोबत श्वास गेला होता, सुरांचे शेवट मधेच तुटले होते आणि मैफलीतल्या टाळ्या पाण्याखाली वाजवल्यासारख्या बुडबुडत होत्या. टाळ्या म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी खरखरच. पुन्हा उतरवू म्हटलं, तर मामा म्हणाला, "आता तुझ्याकडे फाइली आहेत ना, म्हणून मी रेकॉर्डी वाटून टाकल्या." त्यातल्या सात परत मिळाल्या.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा: मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळता फाइल लहान करणारा प्रकार), दोन ठिकाणी. जे काही करायचं ते प्रतीवर. टिकटिक काढतो, तीही मोठी असेल ती हाताने, एकेक. सततच्या खरखरीला सहसा हात लावत नाही, फारच झाली तर पाच-सहा डेसिबल. काय काढलं गेलं तेवढंच ऐकवायची सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती जरूर वापरा. त्या कचऱ्यात गाणं ऐकू आलं की हात आखडता घ्या.

मूळ प्रत थेट एमपी3 मध्ये घेऊ नका. गाडीत ऐकायला नंतर हव्या तितक्या काढा.

आणखी एक युक्ती म्हणजे मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 45 वर वाजवायची, वेळ वाचवायचा आणि मग सॉफ्टवेअरने वेग उतरवायचा. वेग उतरतो, पण प्रीअँपने तो वर सांगितलेला हिशेब चुकीच्या कंपनसंख्येवर आधीच लावलेला असतो. त्यामुळे खर्ज आणि टीप दोन्ही सरकतात. बरं, चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डवर वाचतात किती? दहा-साडेदहा मिनिटं. तेवढ्यात पुढची तबकडी पुसून ठेवा.