संगणकाची डिस्क इमेज घेताना या चुका टाळा

ठाण्यात आणि नवी मुंबईत अनेक घरांतला एखादा संगणक घरापुरता राहिलेला नसतो. गृहनिर्माण संस्थेचे हिशेब, शिकवणीच्या मुलांच्या प्रश्नपत्रिका, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेला मजकूर असे सगळे त्याच्यावर असते. तो बंद पडला, तर फाइल पेन ड्राइव्हवर असूनही काम थांबते, कारण विंडोज, जुने फॉन्ट, प्रिंटर आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची मांडणी नव्याने बसवावी लागते. डिस्क इमेज या त्रासातून सोडवते, कारण तिच्यात संपूर्ण डिस्क तिच्या विभागांसह एका फाइलमध्ये साठवलेली असते. मात्र इमेज घेणे हे निम्मेच काम आहे. ती परत उतरवता आली नाही तर तिचा उपयोग शून्य, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका नेमक्या या विस्मरणातून होतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे इमेज डी ड्राइव्हवर ठेवणे. आपल्याकडे संगणक देताना अनेकदा एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून दिले जातात, त्यामुळे डी ही वेगळी डिस्क आहे असा समज होतो. ती डिस्क नादुरुस्त झाली की मूळ माहिती आणि इमेज एकदमच जातात. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहावे. सी आणि डी दोन्ही ‘डिस्क ०’ असे लिहिलेल्या एकाच ओळीत दिसत असतील, तर बाहेरून जोडायची वेगळी हार्ड डिस्क घेण्याला पर्याय नाही.

ही बाहेरची डिस्कही कायम जोडून ठेवू नये. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर संगणकात शिरला, तर जोडलेली प्रत्येक डिस्क त्याच्या हाती लागते. शिवाय २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या आपल्या भागात सर्व प्रती एकाच घरात, त्यातही तळमजल्यावर, ठेवणे धोक्याचे आहे. नौपाड्यात राहणाऱ्याने दुसरी डिस्क नेरुळच्या किंवा पनवेलच्या नातेवाइकांकडे ठेवावी आणि अधूनमधून ती बदलत राहावी. पावसाळ्यातल्या दमट हवेसाठी ती सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवलेली बरी.

डिस्कवर भरपूर जागा असूनही इमेज ४ जीबीच्या आसपास थांबत असेल, तर ती डिस्क फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे असे समजावे. या पद्धतीत एका फाइलला तेवढीच मर्यादा असते. काही सॉफ्टवेअर इमेजचे तुकडे पाडून यातून मार्ग काढतात, तरीही डिस्क एनटीएफएस या मोठ्या फाइल सामावणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करणे अधिक सोयीचे. तसे करताना तिच्यावरचे सर्व काही पुसले जाते, हे लक्षात असावे.

काय निवडावे, याबाबतही गल्लत होते. सी घेतला म्हणजे विंडोज आले, असे वाटते, पण आजच्या संगणकांत विंडोज सुरू करणाऱ्या फाइल ईएफआय नावाच्या वेगळ्या, साधारण १०० एमबीच्या विभागात असतात. तो सुटला आणि इमेज नव्या डिस्कवर उतरवली, तर सगळ्या फाइल जागेवर असूनही संगणक सुरू होत नाही. म्हणून संपूर्ण डिस्क निवडावी. चूक आधीच झाली असेल, तर ईएफआय विभाग नव्याने तयार करून विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून बीसीडीबूट ही आज्ञा चालवता येते, पण ऐन अडचणीच्या वेळी हे काम सोपे नसते.

आता सर्वांत महत्त्वाचे. संगणकच सुरू होत नसेल, तर त्याच्यात बसवलेले इमेजिंग सॉफ्टवेअरही उघडणार नाही. त्यासाठी बूट होणारा, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा, रेस्क्यू पेन ड्राइव्ह लागतो, आणि तो इमेज घेतली त्याच दिवशी तयार करून त्यावरून संगणक सुरू करून पाहावा लागतो. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, तर एचपीवर एफ९ दाबल्यावर बूटची यादी येते. तिथून आत गेल्यावर आतली डिस्क दिसते का, बाहेरची डिस्क दिसते का आणि इमेजची फाइल उघडते का, एवढे तपासावे आणि काहीही न बदलता बाहेर पडावे. आतली डिस्कच दिसत नाही, ही तक्रार इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर येते. तिथे व्हीएमडी नावाची, डिस्क हाताळणारी इंटेलची व्यवस्था चालू असते आणि रेस्क्यू पेन ड्राइव्हमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल आरएसटी नावाचा हा ड्रायव्हर डाउनलोड करून पेन ड्राइव्हमध्ये घालावा. घाईघाईने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हीएमडी बंद करू नये, कारण मग चालू असलेले विंडोजही सुरू होईनासे होऊ शकते.

डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधील बिटलॉकर या सुविधेची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमध्ये मात्र माहिती सहसा उघडीच असते. संस्थेच्या सभासदांचे पॅन क्रमांक त्यात असतील, तर इमेजला वेगळा पासवर्ड देणे हे आपले कर्तव्यच आहे.

इमेज घेताना ‘सीआरसी’ किंवा वाचन-त्रुटीचा संदेश आला, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे घातक ठरते. आधी केबल आणि यूएसबी पोर्ट बदलून पाहावे, क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने डिस्कची प्रकृती तपासावी. डिस्क खरोखर खराब होत असेल, तर प्रथम महत्त्वाच्या फाइल काढून घ्याव्यात आणि चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क-दुरुस्तीचे साधन चालवण्याचा मोह टाळावा. वीज जाण्यामुळे अर्धवट राहिलेली इमेज सरळ टाकून द्यावी. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर सोसाट्याच्या पावसात हे काम सुरू करू नये.

इन्क्रिमेंटल पद्धतीत प्रत्येक वेळी आधीच्या इमेजनंतरचे बदलच साठवले जातात आणि प्रत्येक फाइल आधीच्या फाइलवर अवलंबून असते, त्यामुळे जागा करण्यासाठी मधली एखादी हाताने काढली की पुढच्या सर्व निरुपयोगी होतात. घरगुती वापरासाठी महिन्याला एक पूर्ण इमेज आणि मध्ये डिफरेन्शियल (शेवटच्या पूर्ण इमेजनंतरचे सर्व बदल साठवणारी) ही रचना मला अधिक सुरक्षित वाटते. प्रत्येक वेळी व्हेरिफाय हा, तयार झालेली इमेज तपासणारा, पर्याय चालू ठेवावा.

विंडोजमधील जुनी सिस्टम इमेज सुविधा मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच कालबाह्य ठरवली आहे आणि मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीला १ जानेवारी २०२४ नंतर सुधारणा मिळत नाहीत. मोफत पर्याय हवा असेल, तर क्लोनझिला किंवा त्याच धर्तीवरचे, वापरायला सोपे असे रेस्क्यूझिला घ्यावे. क्लोनझिलामध्ये इमेज सहसा मूळ डिस्कएवढ्या किंवा मोठ्या डिस्कवरच उतरते, हे नवी एसएसडी घेताना ध्यानात ठेवावे.

इमेज उतरवताना चुकीची डिस्क निवडली गेली, तर तिच्यावरचे सर्व पुसले जाते. रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर सी, डी ही अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणून डिस्क तिच्या कंपनीच्या नावावरून आणि क्षमतेवरून ओळखावी आणि गरज नसलेली प्रत्येक डिस्क आधी काढून ठेवावी. काम झाल्यावरही जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नये. टॅली उघडते का, तिचा परवाना पुन्हा सक्रिय करावा लागतो का, श्रीलिपीतला मजकूर नीट दिसतो का आणि प्रिंट निघते का, हे पाहून झाल्यावरच तिला हात लावावा.