दाढ काढल्यानंतर जबड्याच्या हाडाकडे कसे लक्ष ठेवावे

दाढ काढून झाली की त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. हाडात आतल्या आत काही बिघडते आहे का, हे ओळखण्यासाठी रुग्णाच्या हाती असलेले सर्वांत उपयोगी साधन ही तारीखच होय. कारण तोच ठणका तिसऱ्या दिवशी एक गोष्ट सांगतो आणि तिसऱ्या महिन्यात अगदी वेगळी.

सर्व सुरळीत असेल तर पहिल्या दिवशी दाढ निघालेल्या जागेच्या खाचेत रक्ताची गुठळी धरते, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि आत नवे हाड भरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. दुखणे मात्र दोन-तीन दिवसांनंतर उतरणीला लागलेच पाहिजे. मध्येच तांदळाच्या कणीएवढा टोकदार तुकडा जिभेला लागला तर घाबरू नये. हाडाची अशी कणी बहुधा आपोआप बाहेर पडते, नाहीतर डॉक्टर ती सहज काढतात.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ठणका एकदम वाढला, तो कानापर्यंत जाऊ लागला, तोंडाला घाण वास आला आणि खाच रिकामी दिसली, तर गुठळी निघून गेलेली असते. याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. डॉक्टर खाच सलाईनने धुऊन औषधी पट्टी भरतात व वेदनाशामक देतात. अँटिबायोटिकची गरज सहसा लागत नाही. घरी खाचेत लवंगेचे तेल ओतू नये, त्याने हिरडी भाजते. आठवडा-दहा दिवसांत हा त्रास शमतो.

खरी काळजी त्यानंतरच्या दुखण्याची करावी. बरी झालेली जागा पुन्हा ठणकणे, हिरडीवर पुळी येऊन तिच्यातून पू झिरपणे, शेजारचे दात हलू लागणे ही आतल्या बिघाडाची चिन्हे आहेत. खालचा ओठ बधिर होणे हे तर फार महत्त्वाचे लक्षण. चहाचा कप ओठाला लावला की कपाची कड अर्धीच असल्यासारखी वाटते. ही बधिरता दाढ काढल्यापासूनच असेल तर ती बहुधा नस दुखावल्यामुळे असते. काही आठवड्यांनी नव्याने आली, तर हाडातील जंतुसंसर्ग किंवा गाठ यांचा शोध तातडीने घ्यावा लागतो.

येथे एक्स-रेवर फार विसंबू नये. हाडातील खनिजांचा साधारण ३० ते ५० टक्के भाग झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेवर बदल दिसत नाही, म्हणून सुरुवातीचा ‘नॉर्मल’ अहवाल दुखणे खोटे ठरवत नाही. लक्षणे टिकून राहिली तर ओरल सर्जनकडून (तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर) ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, आणि गरजेप्रमाणे सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) किंवा एमआरआय करून घ्यावा. दाढ काढण्यापूर्वीची फिल्म जपून ठेवली असेल तर तुलना सोपी जाते.

दाढ काढण्यापूर्वीच सांगायच्या गोष्टी तर कधीच लपवू नयेत. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी, वर्षातून एकदा सलाईनमधून मिळणारे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असेल, तर क्वचित जबड्याचे हाड भरत नाही आणि उघडे पडते. आठ आठवड्यांहून अधिक काळ ते उघडे राहिले तर या औषधांशी संबंधित विकार धरतात. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत ही औषधे घेणाऱ्यांना धोका बराच जास्त असतो. तरीही औषध मनाने बंद करू नये: डेनोसुमॅबची मात्रा वेळेवर घेतली नाही तर मणके मोडू शकतात. जबड्याला रेडिएशन दिलेल्यांना हा धोका आयुष्यभर राहतो, म्हणून खराब दात रेडिएशनपूर्वीच काढून घ्यावेत.

आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीचे प्रमाण पाहता एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दोन-तीन आठवड्यांनंतरही जखम भरत नसेल, उलट तिथे मांस वाढत असेल, तर केवळ अँटिबायोटिक बदलत बसू नये. तुकडा काढून बायोप्सी करावी. कर्करोगामुळे हललेला दात काढला जातो आणि मूळ रोग मागे राहतो, असे घडू शकते.

उपचार कारणावर ठरतो. हाडात संसर्ग असेल तर मृत हाड काढून, पुवाची तपासणी करून, अनेक आठवडे अँटिबायोटिक घ्यावे लागते. औषधांमुळे उघडे पडलेले हाड प्रारंभी जंतुनाशक गुळण्यांनी सांभाळतात आणि सुटलेला तुकडा काढतात. काहींना शस्त्रक्रिया लागते. दाढ काढल्यावर हाडात मागे राहिलेली सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी) मात्र शस्त्रक्रियेनेच जाते.

थकवा, सांधेदुखी अशा सर्व तक्रारींचे मूळ जबड्यातील ‘छुप्या पोकळ्यां’त आहे, असे सांगून हाड खरवडण्याचा किंवा रूट कॅनाल केलेले चांगले दात काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या ओरल सर्जनचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. नव्याने भरणारी खाचही स्कॅनवर कित्येक महिने काळसर दिसते. अशा वेळी दाढ काढल्याची तारीख, जुनी फिल्म आणि चालू औषधांची यादी दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवावी, म्हणजे तो काळसर भाग रोगाचा आहे की भरत्या हाडाचा, हे त्यांना ठरवता येईल.