पिकअपच्या मागून टकटक येत होती, कारण शेवटी सापडलं
कोलोरॅडोत मित्राच्या एल्क (मोठं हरीण) शिकारीला दरवेळी माझाच पिकअप जातो (शिकारीचं लायसन त्याचं, पेट्रोल माझं), सामान भरलं की मागून गाडी बसायची आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यात, म्हणून मागच्या लीफ स्प्रिंगमध्ये (एकावर एक पोलादी पाट्यांची स्प्रिंग) एक जादा पाटा टाकून घेतला. उंची मस्त आली. पण तीनेकशे मैलांनी खड्ड्यात टक्क टक्क सुरू. शॉक अ‍ॅब्झॉर्बर गेला असं समजून दोन दिवस वाया घालवले राव. मग गाडीखाली झोपून बघितलं तर यू-बोल्टच्या (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारा यू आकाराचा बोल्ट) नटाजवळ ताजी चकाकती घासलेली खूण, नट चक्क ढिले! नवीन पाटे बसले की हे नट सैल पडतातच, म्हणे. गाडी चाकांवरच उभी ठेवून टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) तिरपे-तिरपे, थोडेथोडे करून आवळले, आवाज बंद. कच्च्या रस्त्याला टायरमधली हवा ३५ वरून २२ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणतो, फक्त परत हवा भरायला कंप्रेसर घरी विसरू नका, आम्ही विसरलेलो.