केबल बसली म्हणजे जुळली असं नाही: या चुका टाळा

कनेक्टर खट्कन बसला की लोकांना वाटतं, काम झालं. पण कनेक्टर म्हणजे नुसतं तोंड. आत वायरी किती, कोणती कुणाशी पिळलेली, कोणत्या पिनवर काय येतं, हे बाहेरून कळत नाही. मग विंडोज पुन्हा टाकतात, नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबली जिथे जोडतात ती पेटी) बदलतात, मॉनिटर दुकानात परत नेतात, आणि दोनशे रुपयांच्या केबलकडे शेवटपर्यंत कुणी बघत नाही.

लॅन केबलचे रंग ओळीने लावणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. लॅन केबलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणाऱ्या केबलमध्ये, ८ वायरी, म्हणजे एकमेकींत पिळलेल्या ४ जोड्या. नवीन माणूस पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा अशा जोड्या ओळीने लावतो. दोन्ही टोकांना सारखंच लावलंय, मग काय बिघडलं, असा त्याचा हिशेब. केबल टेस्टरही त्याचीच बाजू घेतो, कारण १ ते ८ दिवे क्रमाने लागतात.

एका सीएच्या ऑफिसात सगळं वायरिंग असंच झालं होतं. स्विचजवळची टेबलं व्यवस्थित चालायची. साधारण ३५ मीटरवरच्या शेवटच्या टेबलावर मात्र नेटवर्क दर काही मिनिटांनी तुटायचं आणि बॅकअप अर्ध्यात थांबायचा. आधी स्विच बदलला, मग नेटवर्क कार्ड, मग कॉम्प्युटर फॉरमॅट झाला. शेवटी प्लग उजेडात धरून पाहिला तेव्हा तिसऱ्या पिनवर पांढरा-हिरवा आणि सहाव्या पिनवर निळा. दोन्ही टोकं कापून नवे प्लग लावले, आणि त्याच केबलवर सुरळीत काम सुरू झालं.

कारण असं. १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ या पिना जोडीने काम करतात. जोडीतल्या एका वायरीत सिग्नल सुलटा, दुसरीत उलटा. पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होतो. ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांत गेल्या की पिळाचा उपयोग संपतो आणि एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो. चार-पाच मीटरला ते खपून जातं, लांब केबलवर नाही. साधा टेस्टर वायर पलीकडे पोचली का एवढंच बघतो, पीळ बघत नाही.

टी-५६८-बी या प्रमाणित रंगक्रमाचा क्रम पाठच करावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगचं तोंड वर, सोनेरी पिना आपल्याकडे आणि क्लिप मागे धरली की पहिली पिन डावीकडे येते. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नये. केबलचं बाहेरचं आवरण प्लगच्या आतपर्यंत गेलं पाहिजे. क्रिंप करताना, म्हणजे पक्कडीने प्लग दाबून पक्का करताना, प्लगचा दात त्या आवरणावर बसतो. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक वायरींवर येतो, आणि झाडलोट करताना केबल एकदा ओढली गेली की संपलं. घाईत हीच पायरी सुटते, म्हणून क्रिंप करण्याआधी आवरण आत गेलंय का आणि प्लगच्या पुढच्या पारदर्शक भागातून आठही टोकं दिसतात का हे दोनदा बघावं.

सगळं जोडल्यावर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघावा. दोन्हीकडे गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट असून १०० दिसत असेल, तर बहुतेक वेळा निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी वायर बसलेली नसते. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली स्वस्त केबल तर घेऊच नये. ब्लेडने वायर खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं की ती हीच. तिचा रोध तांब्यापेक्षा जास्त असतो. याच केबलवरून वीज घेणारा लांबचा कॅमेरा दिवसभर चालतो, आणि रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की व्होल्टेज पडून रीस्टार्ट होत राहतो. लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

टाइप-सी म्हणजे सगळं चालतं असं समजणं

टाइप-सी हे २४ पिनांच्या कनेक्टरचं नाव आहे, वेगाचं नाही. मोबाइलसोबत आलेली केबल बहुधा यूएसबी २.० ची, म्हणजे ४८० एमबीपीएसची. तिच्यात जलद डेटाच्या वायरीच नसतात. तिने एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी जलद ड्राइव्ह) जोडली तर १०० जीबी कॉपी व्हायला पाऊण तास जातो. १० जीबीपीएसची केबल आणि तसाच पोर्ट असेल तर तेच काम दोन-तीन मिनिटांचं. मॉनिटर जोडला तर चित्रच येत नाही, कारण ते याच जलद वायरींवरून जातं. चार्जिंगचंही तसंच: साध्या केबलवर ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंत. त्यापुढे केबलमध्ये ई-मार्कर, म्हणजे केबलची क्षमता चार्जरला सांगणारी चिप लागते.

केबल घेतल्या दिवशीच तिच्यावर कागदी पट्टी चिकटवून वेग आणि वॅट लिहावेत. खोकं फेकल्यावर ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. केबल चांगली असूनही चित्र येत नसेल तर लॅपटॉपचा पोर्ट तपासा, कारण प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ निघत नाही.

छोट्या वाटणाऱ्या चुका

डिस्प्लेपोर्ट-ते-एचडीएमआय केबल उलटी चालत नाही; एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरकडे जायला कन्व्हर्टरच लागतो.

फोर-के मॉनिटरवर माउस अडखळत सरकतो? आधी रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, तो बघा. ३० हर्ट्झ असेल तर बहुधा एचडीएमआय १.४ चा पोर्ट किंवा जुना डोंगल (जोडणारा छोटा अडॅप्टर) मध्ये आहे.

यूएसबी ३.० ची हार्डडिस्क वायरलेस माउसच्या रिसीव्हरला खेटून लावू नये. तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये मिसळतो आणि माउस उड्या मारतो.

मदरबोर्डवरच्या एम.२ च्या खाचेत बसणारी प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई, म्हणजे जलद प्रकारची, नसते; काही जुन्या साटा प्रकारच्या असतात. मदरबोर्डचं मॅन्युअल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि मॉड्युलर एसएमपीएसच्या, म्हणजे केबली काढता-घालता येणाऱ्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, केबली कधीही अदलाबदल करू नका. ड्राइव्हकडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिना मात्र प्रत्येक कंपनी आपल्या मनाने लावते. कनेक्टर अगदी अलगद बसतो, ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि ड्राइव्ह जळते, त्यातल्या फोटोंसकट. एसएमपीएस बदलला की जुन्या केबली सगळ्या काढा, पिशवीत भरा आणि पिशवीवर त्या एसएमपीएसचं मॉडेल लिहा.